एसएसडी बसवायच्या आधी बाबांच्या लॅपटॉपमधून काय काय काढून घ्यायचं?

सुरंगी
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बाबांच्या लॅपटॉपला एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवून विंडोज कोरं, म्हणजे पहिल्यापासून नव्याने, टाकायचं मनात आहे. लॅपटॉप २०१८ चा. आय५, आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबून बाबा पूजेला बसतात. पूजा आटोपून, चहा घेऊन आले तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतच असतं. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून हे काम डोक्यात आहे.

फोंड्यात एका दुकानात विचारलं. त्यांचा एकच प्रश्न, "डेटा लागतो?" मी म्हटलं, हो. "मग डॉक्युमेंट आणि डेस्कटॉप पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, बाकी आम्ही बघतो." घरी येऊन पेनड्राइव्ह लावला आणि हात अडखळला.

बाबा गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकांना प्रॉम्प्टिंग करतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. २००४ मध्ये घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हापासून ते संहिता टंकून ठेवतायत. कुणाच्या घरची जीर्ण वही बघून, कुणाला तोंडपाठ असलेलं ऐकून. आणि पानोपानी त्यांच्या स्वतःच्या खुणा. इथे पेटीवाल्याला नजर द्यायची, इथे ओळ अर्धा श्वास आधी पुरवायची. अशी ३२ नाटकं आहेत. सगळी जुन्या मराठी फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये (आजच्या, सगळीकडे वाचता येणाऱ्या पद्धतीत) एकही नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की तालमी सुरू होतात, म्हणजे माझ्याकडे दीड महिना आहे.

हे काम मला घाईत करायचं नाही. डॉक्युमेंट आणि डेस्कटॉप सोडून आणखी कुठे काय असतं? क्लोन करावं (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर) की कोरं टाकावं? आणि एसएसडी नेमकी कुठली घ्यायची?

---

पाटो_पूल
सोमवार, रात्री १०.०५

ताई, आठव्या पिढीचा म्हणजे विंडोज ११ चालेल, त्या पिढीपासूनच अधिकृत पाठिंबा आहे. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी लागतात, दोन्ही बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) असतील. ५०० जीबीची एनव्हीएमई (एसएसडीचा जास्त वेगवान प्रकार) घ्या, फिरत्या डिस्कच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि क्लोन केलंत तर काहीच काढून ठेवावं लागणार नाही, सगळं जसंच्या तसं नव्यावर येईल. मी माझा असाच केला.

---

म्हादई_काठ
सोमवार, रात्री ११.२०

सुरंगीताई, म्हापशाला वीस वर्षं रिपेरिंगचं काम केलं, आता घरी असतो. तुमचा हात अडखळला ते बरं झालं. सविस्तर लिहितो.

एसएसडी विकत घेण्याआधी लॅपटॉपचं पोट बघायचं. पाटो_पूल म्हणतात ती एनव्हीएमई बसेलच असं नाही. २०१८ च्या सुमाराच्या लॅपटॉपमध्ये तीन तऱ्हा सापडतात. काहींत फक्त अडीच इंची साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या) डिस्कची जागा. काहींत त्याशिवाय एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची, खाच, पण ती फक्त साटा ओळखणारी. आणि काहींत एनव्हीएमई घेणारी एम.२. खाच बाहेरून सारखीच दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. लॅपटॉपखालच्या स्टिकरवर पूर्ण मॉडेल क्रमांक असतो, तो घालून कंपनीच्या साइटवरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. त्यात खाच कुठली आणि लांबी किती हे स्पष्ट दिलेलं असतं. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ लिहिलं असेल तर तिथे लांब पट्टी बसणार नाही.

फक्त साटाच बसत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट धावते. पण बाबांना जाणवणारा फरक त्या आकड्यात नाही. फिरत्या डिस्कमध्ये सुईसारखा एक हात तबकडीवर इकडून तिकडे पळत असतो. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वाचाव्या लागतात, त्यात त्या हाताची सगळी ताकद पळण्यात जाते. एसएसडीत पळायला काही नाहीच. नाटकाची फाइल उघडण्यापुरतं साटा आणि एनव्हीएमई यांतलं अंतर जवळपास कळणार नाही.

आता क्लोन की कोरं. आठ वर्षांचं विंडोज १०, त्यात काय काय साठलं असेल देव जाणे. मी कोरंच टाकलं असतं. पण त्याहीआधी एक काम आज रात्रीच करा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते उघडून डिस्कची तब्येत बघा. निळं असेल तर बरं. पिवळं किंवा लाल असेल तर पुढचं काही न करता इथे येऊन सांगा. मंद झालेला लॅपटॉप म्हणजे नुसतं म्हातारपण, असं गिऱ्हाईक धरून चालतं. कितीदा तरी ती मरणपंथाला लागलेली डिस्क निघते.

---

तांबडी_माती
मंगळवार, सकाळी ७.५०

मी सांग्याकडची, हिशेबनिशीचं काम करते. आमच्या ऑफिसात मागच्या वर्षी चार लॅपटॉप असे बदलले. डॉक्युमेंट-डेस्कटॉपच्या बाहेर काय राहून जातं ते अनुभवावरून लिहिते.

टॅली असेल तर डेटा बहुतेकदा सरळ सी किंवा डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात असतो. आउटलुकची जुनी मेल पीएसटी फाइलमध्ये असते. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी सिंक झालेत का ते आधी बघा. ऑफिस लॅपटॉपसोबतच आलं असेल तर ते कुठल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलंय ते शोधा. आमच्याकडे एका लॅपटॉपचं ऑफिस सोडून गेलेल्या मुलाच्या खात्यावर होतं, दोन दिवस त्यातच गेले. डिजिटल सहीचा टोकन असेल तर त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं, टोकनमधली सही मात्र सुरक्षित असते.

आणि वनड्राइव्ह. फाइलच्या नावापुढे ढगाचं चिन्ह दिसलं तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. आधी "या डिव्हाइसवर कायम ठेवा" करून उतरवून घ्या, मग कॉपी.

---

कुळागर
मंगळवार, सकाळी ९.१५

सुरंगीताई, तुमची खरी अमानत फॉन्टमध्ये आहे. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो. मडगावला डीटीपी करण्यात माझी उमर गेली. निमंत्रणपत्रिका, दिवाळी अंक, नाटकांची हँडबिलं, सगळं याच हातांनी जुळवलं.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असले जुने फॉन्ट खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून केलेले. फाइलमध्ये मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची रांग असते, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की ३२ नाटकं उघडतील, पण वाचता यायची नाहीत. फाइल सुखरूप आणि मजकूर बेपत्ता! माझ्याकडे असे लोक रडवेले होऊन येत.

म्हणून असं करा. कुठलंही एक नाटक वर्डमध्ये उघडा, सगळा मजकूर निवडा आणि फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते कागदावर लिहा. चौकट रिकामी दिसली तर एकाहून जास्त फॉन्ट आहेत. मथळ्याचा वेगळा, पदांचा वेगळा असू शकतो, तेव्हा ओळीओळीवर जाऊन बघा. ३२ च्या ३२ फाइलींचं हे करा, कारण २००४ चा फॉन्ट आणि २०१५ चा फॉन्ट एकच असेल याची हमी नाही. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्येही अक्षरांच्या जागा बदललेल्या मी पाहिल्यात.

मग ते फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून पेनड्राइव्हवर ओढून घ्या. तिथे सापडला नाही तर घाबरू नका. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत एकाच वापरकर्त्यासाठी टाकलेला फॉन्ट दुसरीकडे जातो, त्याच्या अ‍ॅपडेटाखालच्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरात. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दाखवायला सांगावं लागतं.

दुसरा जामीन म्हणून प्रत्येक नाटकाची पीडीएफ करा. पीडीएफ स्वतःच्या पोटात फॉन्ट घेऊन फिरते, ती कुठल्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसेल. तिसरं, बाबा टंकायला कुठलं सॉफ्टवेअर वापरतात ते विचारा. काहींना यूएसबीत लावायचा डाँगल लागतो, काहींचा परवाना आधी जुन्या यंत्रावरून मोकळा करावा लागतो.

युनिकोडात रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ते काम आत्ता नको. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडात ती नंतर येते. रफाराचं उलट, जुन्यात तो शेवटी टंकलेला, युनिकोडात आधी. रूपांतरात हे दोन हमखास चुकतात आणि पदांच्या ओळींत ते डोळ्यांना लवकर दिसत नाही. चवथीनंतर निवांत बसून करा, हवं तर मी तपासून देईन.

---

सुरंगी
मंगळवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. पण बातमी वाईट आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं दाखवतंय. सी५ या ओळीत प्रलंबित सेक्टर, शेवटी आकडा शून्य नाही. बाबांना अजून काही बोलले नाही. फॉन्ट मात्र सापडले, तीन निघाले. दोन फॉन्ट्स फोल्डरात आणि एक कुळागर म्हणाले तसा अ‍ॅपडेटात. ते पेनड्राइव्हवर घेतले आणि स्वतःला मेलही केले. आता नाटकांचं फोल्डर कॉपी करायला लावू का? भीती वाटते.

---

म्हादई_काठ
मंगळवार, रात्री ९.४४

लावा, पण मी सांगतो त्या क्रमाने. आत्ता ऑनलाइन आहे, इथेच बसतो.

प्रलंबित सेक्टर म्हणजे डिस्कला तो तुकडा नीट वाचता आला नाही, म्हणून तिने तो संशयित यादीत टाकलाय. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवायची नाही, डीफ्रॅग (फाइलींच्या तुकड्यांची फेरमांडणी) करायचं नाही, क्लोनही सध्या नाही. ही तिन्ही कामं तिला तासन्‌तास दामटतात आणि नेमका नको तिथे श्वास सुटतो. आधी जीव की प्राण असलेल्या गोष्टी. नाटकं. मग आईबाबांचे फोटो. गाणी-सिनेमे सगळ्यात शेवटी, न मिळाले तरी चालतील असे.

एक्सप्लोररने ओढून घेऊ नका, एका वाईट फाइलवर तो अडून बसतो. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची कमांड असते, ती वापरा. पण तिला दोन गोष्टी बजावून सांगा. न वाचलेल्या फाइलसाठी ती मुळात १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी मध्ये ३० सेकंद थांबून. म्हणून आर आणि डब्ल्यू हे दोन्ही पर्याय १ वर ठेवा, म्हणजे एकदा फिरून बघेल आणि पुढे जाईल. शेवटी किती फाइली चुकल्या त्याचा आकडा देते.

लॅपटॉप सपाट टेबलावर, चार्जर लावलेला, खाली उशी नको. कॉपी चालू असताना हलवायचा नाही.

---

सुरंगी
मंगळवार, रात्री ११.५५

झालं. नाटकांच्या फोल्डरात ३२ पैकी ३१ आली. एक चुकली. फोटो चालू आहेत.

चुकलेलं नाटक बाबांनी २०१६ मध्ये टंकलेलं. ज्यांच्या वहीवरून घेतलं ते आता नाहीत.

---

म्हादई_काठ
बुधवार, सकाळी ६.३०

आशा सोडू नका. एखादा सेक्टर वाचता येत नाही म्हणजे सगळी फाइल गेली असं नसतं, लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने तो वाईट तुकडा वगळून बाकीचं उचलता येतं. पण त्याच्याही आधी घरातल्या माणसांत शोधा. ही फाइल कुणाला पाठवली होती का? मेलचा पाठवलेल्यांचा कप्पा, व्हॉट्सअ‍ॅप, कलाकारांपैकी कुणाकडे.

---

सुरंगी
बुधवार, रात्री ८.१०

मिळाली! बाबांना शेवटी सांगितलंच. क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "२०१९ ला आम्ही ते केलेलं, नायकाचं काम करणारा वाळपईला नोकरीला होता, त्याला मेल केलेलं." पाठवलेल्यांच्या कप्प्यात सात वर्षांपूर्वीची ती मेल होती. उतरवली, त्याच फॉन्टमध्ये उघडली, शेवटच्या अंकापर्यंत पूर्ण. बाबांनी लगेच पहिलं पद म्हणून दाखवलं.

सगळ्या ३२ ची पीडीएफ झाली. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ते तीन फॉन्ट टाकून प्रत्येक नाटकाचं पहिलं, मधलं आणि शेवटचं पान उघडून बघितलं. दोन पेनड्राइव्ह, एक भावाकडे बेळगावला जाईल.

सर्व्हिस मॅन्युअलही मिळालं. बाबांच्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची खाच आहे, २२८०, एनव्हीएमई चालते. ५०० जीबीची मागवलीय.

---

पाटो_पूल
बुधवार, रात्री ८.४०

ताई, ऐकून खरंच बरं वाटलं. मी पहिल्याच प्रतिसादात क्लोन म्हटलं होतं, ते चुकीचं ठरलं असतं. काकांनी तब्येत बघायला सांगितली नसती तर ती डिस्क अर्ध्या क्लोनमध्येच गेली असती.

माझ्या हातचं एक देतो. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून नाटकांचा पेनड्राइव्ह त्यासाठी चुकूनही नको. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने करा, तेही दुसऱ्या लॅपटॉपवर. आत्ताच्या विंडोजची आवृत्ती सेटिंग्जमध्ये बघून ठेवा. आपल्याकडचे बरेच लॅपटॉप होम सिंगल लँग्वेज घेऊन येतात. त्याची किल्ली मदरबोर्डच्या बायोसमध्येच असते, त्यामुळे डिस्क बदलली तरी परवाना जात नाही. मात्र त्यावर प्रो टाकलंत तर सक्रिय होणार नाही. सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टंकता येत नाही असं कुणी सांगेल, ते खोटं. मेनूची भाषा तेवढी एक राहते, कीबोर्ड हवे तितके जोडता येतात.

वायफायचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. इन्स्टॉलेशनच्या शेवटी इंटरनेट मागतं आणि वायफायच दिसत नाही, असं होतं. तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं, काम भागतं.

---

म्हादई_काठ
गुरुवार, दुपारी ३.१०

लॅपटॉप उघडण्याबद्दल, कारण पाऊस जोरात आहे.

घामेजल्या हातांनी उघडू नका, पंख्याखाली सुक्या फडक्यावर. बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. चार्जर काढा. मॅन्युअलमध्ये जितके स्क्रू दाखवलेत तितके मोजा. रबरी पायांखाली एखाद-दुसरा लपलेला असतोच. झाकण जोर लावून ओढायच्या आधी तो शोधा. स्क्रूंची लांबी वेगळी असते. पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरच्या बाजूला फोड येतो किंवा बोर्डाला टोचतो.

आपल्या किनारपट्टीच्या हवेत स्क्रू गंजतात. डोकं घासलं तर सगळं अवघड होतं, म्हणून बरोबर मापाचा पेचकस घ्या, सरळ उभा धरा, आधी खाली दाबा, मग फिरवा.

आत गेलात की सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवायची. मग एसएसडी. पट्टी साधारण ३० अंशाच्या कोनात खाचेत सरकवायची, पूर्ण आत गेली की आडवी दाबून तो बारीक स्क्रू लावायचा. तो स्क्रू बऱ्याच एसएसडींबरोबर येत नाही आणि लॅपटॉपातही नसतो. आधी बघून मागून घ्या, नाहीतर काम तिथेच अडेल.

जुनी हार्ड डिस्क त्याच वेळी काढून घ्या, म्हणजे विंडोजचा बूटचा भाग चुकून तिच्यावर जाणार नाही. तो तिथे गेला आणि पुढे डिस्क मेली की नवी एसएसडी धडधाकट असूनही लॅपटॉप सुरू होत नाही. हे भोगलेली माणसं मी पाहिलीत.

बायोस अपडेट करायचं असेल तर पावसाच्या दिवसात वीज जाण्याची वेळ टाळून, बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असतानाच. विंडोज टाकताना वीज गेली तर पुन्हा टाकता येतं. बायोस लिहिताना गेली तर बोर्डच बसतो. तुमची बॅटरी किती वेळ टिकते ते आधी बघा.

---

शिरोड्याचा_वाटसरू
गुरुवार, सायंकाळी ५.००

वाचत होतो, मध्येच विचारतो. माझा लॅपटॉप अकराव्या पिढीचा. पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर एसएसडी दिसतच नाही, यादी कोरी. एसएसडी खराब आहे का?

---

पाटो_पूल
गुरुवार, सायंकाळी ५.२५

नाही दादा. अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत इंटेलचं व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी सोय) चालू असतं, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये नसेल तर डिस्क दिसत नाही. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, उकलून, त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात ठेवा. डिस्क निवडायच्या पानावर "लोड ड्रायव्हर" करून तो फोल्डर दाखवा. सुरंगीताईंना हे लागणार नाही, त्यांचा आठव्या पिढीचा आहे.

---

तांबडी_माती
गुरुवार, रात्री ९.००

ताई, जुनी डिस्क काढण्याआधी एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप) चालू आहे का ते बघा. विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप असेल तर तीच डिस्क पुढे यूएसबी केसमध्ये घालून लावली की ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते, पण खातं कुठलं ते माहीत हवं. किल्ली कागदावर उतरवून घ्या.

---

सुरंगी
रविवार, रात्री १०.१५

झालं मंडळी! भाऊ बेळगावहून आला होता, दोघांनी मिळून केलं.

स्क्रू अकरा होते, दोन मागच्या रबरी पट्टीखाली. एक गंजलेला, म्हादईकाकांची आठवण काढत दाबून फिरवला, सुटला. एसएसडीचा बारका स्क्रू खरंच आला नव्हता, मी शनिवारीच पणजीहून आणून ठेवलेला. जुनी डिस्क काढली तेव्हा बाबा बाजूला उभे होते. तळहातावर घेऊन म्हणाले, "इतकी लहान?"

पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर "या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही" असं आलं. बायोसमध्ये टीपीएम बंद होतं, इंटेल पीटीटी या नावाने. चालू केलं आणि पुढे गेलं. डिस्कच्या पानावर एकच रिकामी जागा दिसत होती, ती निवडून पुढे दाबलं, भाग त्याने आपले आपण पाडले. मध्ये एकदा वीज गेली, बॅटरीने तारलं. वायफाय दिसलं नाही, फोनने टेदरिंग केलं. आवृत्ती होम सिंगल लँग्वेज आपोआप निवडली गेली आणि सक्रियही झाली.

फॉन्ट टाकले. नाटक उघडलं. दिसलं! बाबांनी त्यांच्या सवयीने एक ओळ टंकली आणि पहिलंच अक्षर भलतं उमटलं. परत टंकलं, परत तेच. आमचे चेहरे उतरले. फॉन्ट तोच आहे, वाचायला बरोबर दिसतो, मग टंकताना काय होतंय?

---

कुळागर
रविवार, रात्री १०.३२

ऑटोकरेक्ट! हे लिहायचं राहिलं, माझी चूक. नव्या ऑफिसात वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं. इंग्रजीत ते मोठं अक्षर होतं, पण जुन्या फॉन्टमध्ये त्या जागेवर वेगळंच मराठी अक्षर बसलेलं असतं. बाबांच्या जुन्या वर्डमध्ये ते कधीकाळी कुणीतरी बंद केलं असणार. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये जा. तिथल्या कॅपिटलच्या सगळ्या खुणा काढा. "टंकताना बदला" याचीही खूण काढा. शेजारच्या पानावर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करण्याची खूण असते, तीही काढा, नाहीतर अवतरणाच्या जागेवरचं अक्षर बिघडेल.

---

सुरंगी
रविवार, रात्री १०.५०

बरोबर उमटतंय. बाबांनी अख्खं नांदीपद टंकून बघितलं. देव बरें करूं, कुळागरदादा.

---

म्हादई_काठ
सोमवार, सकाळी ६.४०

फार छान झालं. दोन कामं राहिली. नव्या विंडोजमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू झालं असेल, मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात तर होतं तसं. त्याची नवी किल्ली खात्यातून काढून कागदावर लिहा आणि बाबांच्या कपाटात ठेवा. आणि एसएसडीला डीफ्रॅग करायला कुणी सांगितलं तर करू नका. विंडोज तिला ओळखून दर आठवड्याला ट्रिम (पुसलेल्या जागांची सफाई) करतं, तेवढं पुरतं.

जुनी डिस्क इतक्यात पुसू नका. वर्षभर तरी ठेवा. जाडसर प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर, पावसाची ओल लागणार नाही अशी. काही राहून गेलं असं आठवलं तर डीडीरेस्क्यूसाठी ती लागेल. नाटकांची साठवणीची प्रत मात्र एसएसडीवर करून कपाटात टाकू नका. वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू गळतो, आपल्याकडच्या उष्णतेत जास्तच. त्यासाठी फिरती डिस्क बरी.

---

सुरंगी
सोमवार, रात्री ९.२०

किल्ली लिहिली. डिस्क डब्यात गेली, डब्यावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात "नाटकं, जुनी" असं लिहून चिकटवलं.

आज सकाळी बटण दाबून बाबा सवयीने पूजेला निघाले आणि दारातूनच मागे वळले, कारण पडदा उजळलाच होता. पूजा आज उशिरा झाली. या वर्षीच्या नाटकाची प्रॉम्प्टरची प्रत काढायला बसलेत, आत्ता दुसऱ्या अंकात आहेत. छापायला उद्या फर्मागुडीला जाते.